लेझमीच्या पावलांना तत्काराची वाट

जुलैत भोर तालुक्यात आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, कथकचा वर्ग निम्मा रिकामा दिसतो. मुली भातलावणीला गेलेल्या असतात. शहरातल्या वर्गाचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. पीक, जत्रा आणि शेवटची एसटी बघूनच तास ठरवावा लागतो.

पण इथल्या मुली रित्या हाताने येत नाहीत. शाळेच्या मैदानावर ढोलाच्या ठेक्यावर लेझीम खेळलेल्या मुलीला आठ आकडे मोजायला शिकवावं लागत नाही. अडतं ते पुढे. लेझमीत गुडघा वाकतो, कंबर झुकते, अंग उसळी घेतं. कथकचा तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, ताठ उभं राहून, सगळा तळवा जमिनीवर आपटून वाजवायचा. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे बोल आठ मात्रांचे, दोनदा म्हटले की तीनतालाच्या सोळा भरतात. हे आठ आणि लेझमीचे आठ एकच आहेत, हे हातावर टाळी देऊन दाखवलं की मुलीचा चेहरा खुलतो. मग तेच बोल दुगुनीत, तेवढ्याच वेळात दोनदा. इथे पाय घसरतात, उजव्याऐवजी डावा पडतो. मला हा गोंधळ फार मोलाचा वाटतो, कारण कान पहिल्यांदा पायांवर लक्ष ठेवू लागतो तो इथेच.

शहरात कथक शिकायची सोय जुनी आहे. कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था सुरू केली. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र उभं राहिलं आणि नृत्यात पदवी घेता येऊ लागली. गावोगावच्या वर्गांना मात्र आधार आहे तो गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा: प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात. दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही तयार होतात. गुणांसाठी का होईना, मूल पढंत शिकतं, हातावर ताल धरून बोल म्हणतं. हे मी चांगलंच मानते.

खंत आहे ती कॉलेजांची. गॅदरिंगच्या आधी दहा दिवस कुणाला तरी बोलवायचं, तीन मिनिटांचं गाणं बसवायचं, की वर्षाचं नृत्य संपलं. नव्या शैक्षणिक धोरणात कलाविषयांना श्रेयांक आहेत. ते वापरून गावातले लेझीमवाले आणि कथकच्या बाई एकाच खोलीत वर्षभर शिकवू शकतील. त्यासाठी लागतं एक सभागृह, एक तबलजी आणि शनिवारची दुपार.