आर्किटेक्टची सही आणि न आलेले पैसे

खाली झेरॉक्सचं दुकान, वर तीन खुर्च्या, एक प्लॉटर, कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्या. वसई-विरारमधली आमच्यासारखी आर्किटेक्ट ऑफिसं एवढीच असतात. त्यांच्याबद्दलचे गैरसमज मात्र टॉवरएवढे.

26 ऑगस्ट 2025च्या रात्री, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे असताना, विरार पूर्वेला विजय नगरात रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. 17 माणसं गेली. ‘आर्किटेक्ट कोण होता?’ हा प्रश्न तेव्हा मला अनेकांनी विचारला. इमारत अनधिकृत होती, असं महापालिकेनं सांगितलं. मंजूर नकाशाच नसेल तर त्यावरची सही शोधायची कुठे? त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात हायकोर्टाच्या आदेशानं 41 अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. तिथेही मंजूर नकाशाचा प्रश्नच नव्हता; ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. शिवाय आर्किटेक्टखेरीज कुणी नकाशा काढूच शकत नाही, हेही खरं नाही. 1972चा आर्किटेक्ट्स ॲक्ट ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखतो, ते काम नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं 2020मध्ये स्पष्ट केलं.

म्हणून आम्ही सुटलो असं नाही. आर्किटेक्ट रोज साइटवर उभा असतो, असं गिऱ्हाईक धरून चालतं. नेहमीच्या करारात ठरावीक टप्प्यांवरच्या भेटी असतात; रोजच्या देखरेखीला वेगळा माणूस आणि वेगळे पैसे लागतात. पण भेटीत दिसलं ते दिसलं. अर्नाळ्यासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात आयएस 456 हे काँक्रीटचं मानक सळईवर साधारण 45 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर मागतं. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी गेलं, तर जाळी थेट शटरिंगवर टेकलेली. फिटर म्हणतो, ‘साहेब, सकाळी कव्हर ब्लॉक टाकतो ना!’ त्या क्षणी साइटच्या वहीत दोन ओळी लिहून त्याची सही घ्यायची आणि फोटो काढायचा. पुढे वाद झाला तर हीच वही कामाला येते.

‘सही काय, कागदापुरती!’ हा बिल्डरांचा लाडका समज. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या प्रकल्पात ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायला काम किती टक्के झालं याचा दाखला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचा लागतो. ‘साठ टाका ना, प्लास्टर पुढच्या आठवड्यात होतंय,’ असा फोन येतो. बावन्न झालं असेल तर बावन्नच लिहायचं. त्या आठ टक्क्यांत कुणाच्या तरी फ्लॅटचे पैसे असतात.

विमा आहे म्हणून बिनधास्त, हेही चुकीचं. व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असावी लागते. काम केलं तेव्हा असून भागत नाही. ऑफिस बंद केलं, हप्ता थांबवला आणि तीन वर्षांनी नोटीस आली, तर हात वर. दंड आणि फौजदारी शिक्षा तर विम्यात येतच नाहीत.

पण छोटं ऑफिस बुडतं ते बहुतेक वेळा पैशाच्या तारखांपायी. समजा, प्लॅन पास झाल्यावर तीन लाख, असं करारात आहे. प्लॅन पास होताच बिल काढणं जीएसटी कायद्यानं आलं: त्यावर कर 18 टक्के म्हणजे 54,000. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावे लागतात, बिल्डरनं एक रुपया दिलेला नसला तरी. पक्क्या बिलाऐवजी प्रोफॉर्मा पाठवला की कर पुढे ढकलला, असं समजणारे आमच्यात पुष्कळ आहेत. टप्प्याशी बांधलेल्या करारात तसं होत नाही. म्हणून टप्पे लहान ठेवावेत, काम घेतानाच आगाऊ रक्कम घ्यावी आणि वर्किंग ड्रॉइंगचा पुढचा संच मागचे पैसे आल्यावरच द्यावा.

काम घेण्याआधी उद्यम नोंदणी केली असेल, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना उशिरात उशिरा 45 दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. कायदा चोख आहे. व्याज प्रत्यक्ष मागणारा आर्किटेक्ट मात्र मी अजून पाहिलेला नाही, कारण पुढचा प्लॉटही त्याच बिल्डरकडे असतो.