पटकी : कळलेले आणि न कळलेले

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी विहिरीत उतरले, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी धास्ती आठवते. पटकीची! पूर्वी गावात पटकी शिरली, की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. रोग का आला, का गेला, कोणालाच ठाऊक नसे. आज पुष्कळ ठाऊक झाले आहे. पण सगळे नाही.

आधी कळलेले पाहू. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने हाहाकार केला. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा दगावलेले बहुतेक लोक एकाच पंपाचे पाणी पिणारे निघाले. त्यांनी पंपाचा दांडा काढायला लावला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू सापडले. पण ते माणसाला मारतात कसे? त्याचे उत्तर १९५९ साली कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी दिले. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे जंतू विष सोडतात. त्या विषाने आतडे अंगातले पाणी आणि क्षार बाहेर टाकते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि धडधाकट गडी काही तासांत सुकून जातो.

अजून न सुटलेली कोडी

एकाच विहिरीचे पाणी पाचजण पितात. एकजण आडवा होतो, बाकीच्यांना काहीच होत नाही. असे का? १८९२ साली जर्मनीच्या पेटेनकोफर यांनी जंतू मुद्दाम प्यायले, त्यांना नुसती हगवण लागली. जठरातले आम्ल कमी असले तर धोका वाढतो, ‘ओ’ रक्तगटाच्या माणसांना आजार जास्त जोराचा होतो, एवढे दिसते. पण सगळा उलगडा झालेला नाही.

साथ सरली की जंतू जातो कुठे? खाडीच्या मचूळ पाण्यात तो बारीक जलकीटकांना चिकटून राहतो. पण हैतीत २०१० साली तो बाहेरून आलेल्या माणसांबरोबर आला. मग कोणती साथ पाण्यातून उठते आणि कोणती माणसाबरोबर येते, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे.

१९९२ साली मद्रास आणि बंगालकडे नव्याच जातीच्या जंतूने साथ उठवली. काही वर्षांनी ती मागे पडली. का, ते पक्के कळले नाही.

आपण काय करावे?

डॉ. स्नो यांनी तरी जंतू कुठे ओळखला होता? पाणी आवरले, एवढेच. बांगलादेशात बायकांनी जुन्या सुती साडीच्या चार ते आठ पदरी घडीतून पाणी गाळले, तर पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. आपण मात्र गाळून थांबू नये. पाणी उकळावे, विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्यावी.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना साखरमिठाचे पाणी पाजले. शंभरात तीसएक दगावत होते, तिथे चाराहूनही कमी दगावू लागले.

उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब लागताच घोट घोट पाजत राहावे, ओकारी झाली तरी थोडे थांबून पुन्हा पाजावे आणि पाजत पाजतच दवाखाना गाठावा. मायबहिणींनो, शास्त्रज्ञांची कोडी सुटतील तेव्हा सुटतील. हे पाणी करायला तोवर थांबायचे कारण नाही.