दहा मिनिटं दार लावून

मैत्रिणींनो, लग्नसराईत नव्या पेठेतून कधी चालला आहात? रिक्षांचे भोंगे, दुकानदारांच्या हाका, आणि वर सोलापूरचं ऊन! आमचं घर याच गर्दीच्या मागच्या बोळात. सकाळी डबे, दुपारी शाळा, संध्याकाळी वह्या नि पाहुणे. गेल्या वर्षी माझं डोकं रोज दुखू लागलं, झोप उडाली. एकदा दूध उतू गेलं, एवढ्याशा कारणावरून मी लेकीवर हात उगारला. तिचे डोळे पाहून मीच घाबरले.

डॉक्टरांनी तपासलं. दोष काही निघाला नाही. ‘स्वतःकडे जरा लक्ष द्या,’ म्हणाले. मग काय, मोबाइलवर तीन ॲप्स घेतली. एक पावलं मोजणारं, एक झोप मोजणारं, एक श्वास शिकवणारं. आठ दिवसांत त्यांचाच ताण! फोन ओट्यावर, मी घरभर. आणि रात्री तो म्हणतो, ‘आजचे उद्दिष्ट अपूर्ण!’ घरात हिशेब मागणारे काय थोडे होते?

या दहा हजार पावलांचं मूळ ठाऊक आहे? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. म्हणजे हा आकडा मुळात जाहिरातीचा! अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही, अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. साडेसात हजारांपुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा सिद्धेश्वर तलावाकाठी रमतगमत जमेल तेवढं चाला. आकड्यासाठी जीव टाकू नका.

झोप मोजणारं ॲपही मी काढून टाकलं. ठेवलं ते श्वासाचं. त्यातलं तत्त्व आपल्या घरचंच आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापलं, आणि प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवला की मन निवतं. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. कोंडून धरू नका, आणि चक्कर आली तर थांबा. ॲपचं काम एवढंच, की वेळेवर घंटी वाजवायची.

पण घंटी वाजली तरी उठायला सवड कोण देणार? ते काही फोनला जमत नाही! एक दिवस धीर करून मी जेवणाच्या ताटावरच सांगितलं, ‘संध्याकाळी साडेसहा ते सहा चाळीस मला कुणी हाक मारायची नाही.’ क्षणभर सगळे गप्प. मग सासूबाईच म्हणाल्या, ‘दार लावून बस ग. कुकर मी बघते.’ इतकी वर्षं मी मागितलंच नव्हतं, बघा!

ॲप घेताना दोन गोष्टी पाहा. ‘आठवडाभर फुकट’ म्हणत बँकेचा तपशील मागत असेल, तर मुदतीनंतर पैसे आपोआप कापले जातात. आणि श्वास शिकवणाऱ्याला तुमच्या ओळखीपाळखीच्यांचे नंबर कशाला हवेत? परवानगी नाकारा.

एक मात्र मनापासून सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर घंटीवर विसंबू नका. १४४१६ हा सरकारी ‘टेली-मानस’चा नंबर फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. २०२४ मध्ये तिचं ॲपही आलं. यात लाज कसली? ताप आला तर आपण डॉक्टरांकडे जातोच ना!

परवा साडेसहाला घंटी वाजली, मी वह्यांतच होते. लेक आली आणि म्हणाली, ‘आई, तुझी वेळ झाली. जा ना!’ तुमची वेळ कोणती, ते आजच घरात सांगून टाका.