फुप्फुसधमनीतील सार्कोमा : गुठळीच्या वेषातली गाठ

फुप्फुसधमनीच्या आतल्या अस्तरातून उगवणारा सार्कोमा हा अतिशय दुर्मीळ कर्करोग आहे. 1923 मध्ये मांडेलश्टाम यांनी त्याचे पहिले वर्णन केले, तेही शवविच्छेदनानंतर. ही गाठ धमनीच्या पोकळीतच वाढते, त्यामुळे ती रक्ताच्या गुठळीसारखी दिसते. धाप, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त ही लक्षणेही तीच. गुठळी कितीतरी अधिक आढळते, म्हणून डॉक्टर आधी गुठळी धरून चालतात आणि ते योग्यच आहे. घोटाळा पुढे होतो. रक्त पातळ करणारे औषध नीट घेऊनही काही आठवड्यांत अडथळा हलला नाही, उलट वाढला, तर निदानावरच शंका घ्यायला हवी.

टू डी इकोमध्ये हृदयाच्या उजव्या बाजूवर आलेला ताण दिसतो. कधी धमनीच्या मुख्य खोडातली गाठही दिसते. खरा उलगडा सीटी पल्मनरी अँजिओग्रामपासून सुरू होतो. शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट फुप्फुसधमनीत पोहोचताच काही सेकंदांत चित्रे घेतली जातात. रक्त पांढरे उजळते, अडथळा काळा राहतो. गुठळ्या बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या फांद्यांत विखुरलेल्या असतात. सार्कोमा मात्र मुख्य खोडात किंवा त्याच्या मोठ्या फांदीत ठाण मांडतो, पोकळी जवळजवळ पूर्ण भरतो आणि धमनी फुगवतो. त्याची हृदयाकडची कड फुगीर असते. भिंत ओलांडून तो बाहेर पसरला असेल, तर गुठळीची शक्यता जवळपास संपते.

पण इतक्या घाईने टिपलेल्या चित्रात गाठीला कॉन्ट्रास्ट शोषायला वेळच मिळत नाही. थोडे थांबून पुन्हा स्कॅन केला तर गाठीचे जिवंत भाग उजळतात. ताज्या गुठळीत रक्तवाहिन्या नसल्याने ती तशीच राहते. गॅडोलिनियम देऊन केलेल्या एमआरआयमध्ये हा फरक अधिक स्पष्ट होतो.

पेट-सीटीमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज वापरतात. कर्कपेशी ते अधिक ओढतात, साधी गुठळी फारसे ओढत नाही. काही सार्कोमाही कमी ओढतात, तेव्हा पेट कोरा आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. या ग्लुकोजमधल्या फ्लोरिन-18 चा अर्धायुकाल सुमारे 110 मिनिटे, म्हणजे ते साठवून ठेवता येत नाही. ते तयार करणारा सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

शेवटचा शब्द बायोप्सीचा. कॅथेटरने किंवा शस्त्रक्रियेत काढलेला तुकडाच निदान पक्के करतो. गाठ शक्य तितकी काढून टाकणे हा मुख्य उपचार, आणि उशीर झाला की तीही संधी जाते.

वणीसारख्या गावाहून नाशिकला, तिथून मुंबईला जाणाऱ्या रुग्णाने केवळ छापील फिल्म नेऊ नये. फिल्मवर निवडक चित्रे असतात, सगळे काप सीडीत असतात. पहिल्या स्कॅनची सीडी सोबत असेल, तरच औषधाने अडथळा घटला की वाढला हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.