वेस उरते म्हणजे काय?

पेंढाऱ्यांपासून व्यापारपेठ राखण्यासाठी निजामाच्या राजवटीत १८०७ साली अमरावतीचा परकोट बांधायला घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे पायी ये-जा करायचे छोटे दार. नागपुरी गेट, खोलापुरी गेट, अकोल्याची दहीहंडा वेस : वाट कोणत्या गावाची, हे नावच सांगते. या नावांना मी जुन्या वाटांचा नकाशा मानतो. म्हणूनच जुन्या वस्तीच्या पुनर्विकासात नुसत्या कमानीची डागडुजी पुरेशी नाही. कमानीतून पेठेत जाणारा बोळ नव्या इमारतींनी बुजवला, तर दगड उरतील. वेस उरणार नाही. आराखड्यात आधी वाट राखावी, मग मजले मोजावेत.