कळफलक आणि माणसाचा हात

पालघरच्या सरकारी कचेऱ्या, बोईसरच्या बँका, तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, यांपैकीं कोठेंही गेलें तरी एक आवाज हटकून कानीं येतो; तो म्हणजे कळफलकावर पडणाऱ्या बोटांचा. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पूर्वीं ठाण्यास होणारें पुष्कळसें लिहिणें येथेंच होऊं लागलें. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठीं मराठींत मिनिटास ३० शब्दांची गति लागते. ती साधण्यासाठीं तरुण मुलें-मुली महिनोन्‌महिने वर्गास जातात. परंतु ज्या कळफलकावर आयुष्यभर बोटें चालवावयाचीं, त्यावरील अक्षरें त्या त्या जागीं कां बसलीं, आणि तीं तेथेंच असलीं पाहिजेत काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारण्याजोगा आहे. कारण संध्याकाळीं ठणकणाऱ्या मनगटाचा त्याच्याशीं निकटचा संबंध आहे.

इंग्रजी कळफलकाची कथा अमेरिकेंत सुरू होते. ख्रिस्तोफर शोल्स यांस १८६८ सालीं टंकलेखनयंत्राचें पेटंट मिळालें, व १८७४ पासून बंदुका करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें त्यांचें यंत्र बाजारांत आणलें. वरच्या ओळींत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय असा जो क्रम दिसतो तो त्याच घराण्यांतला. पुढें १९३६ सालीं ऑगस्ट ड्वोरॅक या प्राध्यापकांनीं निराळ्या रचनेचें पेटंट घेतलें. बोटें जेथें विसावतात त्या मधल्या ओळींत त्यांनीं डावीकडे स्वर व उजवीकडे नेहमीं लागणारीं व्यंजनें बसविलीं. विचार समंजस होता, तरी जग त्या वाटेनें गेलें नाहीं. जुन्या क्रमाची सवय लाखों बोटांत मुरली होती, आणि सवय मोडण्याची किंमत कोणासच देववली नाहीं.

मराठीचा प्रश्न याहून अवघड होता. यंत्रावर कळा पन्नासाच्या आंत आणि बाळबोध लिपींत जोडाक्षरें शेंकडों. म्हणून अक्षरें फोडावीं लागलीं. अर्धें अक्षर एका कळेवर, त्यास पूर्ण करणारी उभी रेघ दुसरीवर, अशा तुकड्यांतून शब्द जुळवावा लागे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधीं उमटवावयाची, मग उच्चार कांहीं का असेना. गोदरेजनें १९५५ पासून टंकलेखनयंत्रें आपल्या देशांतच बनविलीं, आणि कित्येक पिढ्यांच्या बोटांनीं हे संस्कार उचलले. आज तें यंत्र कचेरींतून गेलें आहे, टंकलेखनाच्या परीक्षाही संगणकावर होतात. पण लोखंडी दांड्यांच्या अडचणींतून जन्मलेली ती अक्षररचना मात्र अनेकांच्या हातांत अजून टिकून आहे.

संगणकास अशी कोणतीच अडचण नाहीं. हें ओळखून भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ‘इनस्क्रिप्ट’ नांवाची रचना सिद्ध केली, व १९९१ च्या भारतीय मानकांत तिचा समावेश झाला. ज्यानें शाळेंत वर्णमाला घोकली आहे त्यास ही रचना पाहून जुना स्नेही भेटल्यासारखें वाटेल. मधल्या ओळींत उजवीकडे प, र, क, त, च, ट अशीं अक्षरें आहेत. त्यांच्या नेमकीं वर ब, ह, ग, द, ज, ड. म्हणजे प्रत्येक वर्गांतील पहिलें अक्षर खालीं आणि तिसरें त्याच्या डोक्यावर. क च्या कळेबरोबर शिफ्ट दाबली कीं ख, आणि ग बरोबर दाबली कीं घ. बोईसरला शिफ्ट म्हटलें कीं आधीं कारखान्याची पाळी आठवते. येथें मात्र ती महाप्राणाची कळ आहे. डावीकडेही हीच शिस्त आहे. मधल्या ओळींत ऱ्हस्व वेलांटी व ऱ्हस्व उकार, आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावर दीर्घ वेलांटी व दीर्घ उकार.

या व्यवस्थेचा हातास काय लाभ, हें एका उदाहरणानें कळेल. ‘तारापूर’ हें नांव घ्यावें. त उजव्या हातानें, काना डाव्या, र उजव्या, काना डाव्या, प उजव्या, दीर्घ उकार डाव्या, आणि शेवटचा र पुन्हां उजव्या. सातही कळा आळीपाळीनें. एक हात काम करतो तेव्हां दुसरा तयारी करतो. हेंच नांव इंग्रजी अक्षरांनीं लिहिल्यास सातांपैकीं पांच कळा डाव्या हाताच्या वांट्यास येतात, आणि त्यांतल्या चार तर एकापाठोपाठ. सर्वच शब्द इतके सोयीचे नसतात. म, न, व हीं अक्षरें डाव्या बाजूस असल्यामुळें ‘मान’ या शब्दाच्या तिन्ही कळा डाव्याच; ‘पालघर’ मधील शेवटचीं तिन्ही अक्षरें उजव्याच हातानें उमटतात. शिवाय च, ज, ट, ड हा सारा भार उजव्या करंगळीवर पडतो. दोष आहेत, पण दैनंदिन मराठींत लाभाचें पारडें जड आहे.

आणखी एक लाभ शुद्धलेखनाचा. आज पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, व संगणक अंदाजानें तो मराठींत उतरवितो. पुर कीं पूर, हें मग यंत्र ठरवितें. इनस्क्रिप्टमध्यें दीर्घ उकार पाहिजे तर दीर्घ उकाराचीच कळ दाबावी लागते. ‘किनाऱ्यावर’ या शब्दांतील ऱ साठीं र च्या कळेवर शिफ्टसह वेगळी जागा आहे. त्यामुळें ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत घोटाळा होत नाहीं. तलासरीच्या पलीकडे गुजरात लागतो. तेथील माणसाच्या गुजराती कळफलकावर क त्याच कळेवर सांपडतो. एकदां शिकलेली विद्या शेजारच्या लिपीसही उपयोगी पडते.

अक्षरांच्या जागेइतकाच कळफलकाचा आकारही महत्त्वाचा. सरळ फळीवर दोन्ही हात जवळ आणले कीं मनगटें करंगळीच्या बाजूस वाकतात, आणि तशींच तासन्‌तास राहतात. म्हणून मधोमध दुभंगलेले, किंचित् उतरते कळफलक निघाले. मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ १९९४ सालचा. ते महाग पडतात, आणि प्रत्येक कचेरींत मिळणार नाहींत. बिनखर्चाचा उपायही आहे. कळफलकाखालील मागचे पाय मिटून ठेवावे, म्हणजे मनगट वरच्या बाजूस मुरडत नाहीं. कोपर साधारण काटकोनांत येईल अशी खुर्चीची उंची करावी. आणि अधूनमधून हात मोकळे सोडावे. बोटें बधिर होऊं लागलीं तर मात्र वैद्यास दाखविण्यास विलंब लावूं नये.

आतां शॉर्टकटांविषयीं. मजकूर उचलणें, ठेवणें, ठळक करणें या आज्ञा माउसनें देतां येतात किंवा कळांच्या जोडीनें. कंट्रोल आणि सी दाबल्यास नक्कल होते. मराठी रचना चालू असतां त्याच कळेवर म असला तरी ही आज्ञा बदलत नाहीं. परंतु दिवसांतून शेंकडों वेळां कंट्रोल दाबणारी बोट एकच, ती डावी करंगळी. १९७६ पासून प्रचारांत असलेल्या ‘ईमॅक्स’ या लेखनसाधनांत कंट्रोलचा वापर इतका कीं करंगळीचें दुखणें ही तेथील ओळखीची तक्रार झाली, आणि कित्येकांनीं फारशी न लागणाऱ्या कॅप्स लॉकच्या जागीं कंट्रोल आणून बसविली.

असा बदल करण्यास विद्वान् लागत नाहीं. लिबरऑफिसच्या रायटरमध्यें ‘टूल्स’मधील ‘कस्टमाइज’ उघडून ‘कीबोर्ड’ या पानावर हवी ती आज्ञा हव्या त्या कळेस देतां येते, आणि ती मांडणी जपून दुसऱ्या संगणकावर नेतां येते. ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ’ हें नांव दिवसांत वीस वेळां लिहिणाऱ्यानें तें एका लहानशा खुणेखालीं सांठवून ठेवावें; खूण लिहून एफ-३ दाबतांच सबंध नांव उमटतें. ज्यास दोन कळा एकदम दाबणें जमत नाहीं, त्यानें विंडोजमध्यें शिफ्ट लागोपाठ पांच वेळां दाबून ‘स्टिकी कीज’ची सोय चालू करावी, मग कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतें.

मात्र दोन पथ्यें पाळावीं. एकच संगणक तीन पाळ्यांत तीन माणसें वापरीत असतील, तर आपल्या सोयीचा बदल दुसऱ्याच्या गळ्यांत मारूं नये. पाळी संपतांच मूळ मांडणी परत लावावी. आणि परीक्षा तोंडावर आली असतां नवी रचना शिकूं नये. बोटांची जुनी सवय सुटेपर्यंत कांहीं आठवडे गति घटते, व त्या ३० शब्दांवर एखाद्या घराची चूल अवलंबून असते. जो नुकताच शिकावयास बसत आहे त्यानें मात्र आरंभच इनस्क्रिप्टनें करावा. त्यास मोडावयाची जुनी सवयच नसते.

कळांचा क्रम माणसांनीं ठरविला, आणि तो माणसांस बदलतां येतो. हाताची घडण मात्र बदलतां येत नाहीं. म्हणून वाकावयाचें कोणी, हें ठरवितांना पहिला मान हातास द्यावा.