हळदीची गोळी आणि स्तनाचा कर्करोग

आज प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधीच मागवल्या होत्या. हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, सोयाच्या गोळ्या... नावं वेगवेगळी, पण विचारणं एकच: ‘काय घेतलं म्हणजे स्तनाचा कर्करोग होणार नाही?’ उत्तर आधीच देऊन टाकते. कोणतीही वनस्पतिजन्य गोळी घेऊन हा आजार टळतो, असं माणसांवरच्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. पण ते का झालेलं नाही, हे समजून घेऊ. म्हणजे उद्या नवी गोळी आली की तिला काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

हळदीपासून सुरुवात करू. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या, त्यावर हळदीतलं कर्क्युमिन टाकायचं, पेशी मरतात. हे खरं आहे, यात कोणी खोटं सांगत नाही. पण त्या बशीला आतडं नसतं आणि यकृतही नसतं. आपण गिळलेलं कर्क्युमिन फारसं शोषलं जात नाही. जे थोडं शोषलं जातं, त्याचं रूपांतर करून यकृत ते झटपट बाहेर काढतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं, तेव्हा ते रक्तात जेमतेमच सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिल्यावर शोषण वीसपट झालं. कंपन्यांनी हे लगेच उचललं. आता पिपरिन करतं काय? यकृताचं हे निचऱ्याचं काम ते मंदावतं. आणि हा निचरा फक्त कर्क्युमिनचा थोडाच असतो, तुमच्या इतर औषधांचाही असतो! २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण आढळले आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. आमटीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, हे कृपया लक्षात घ्या. हळदीत कर्क्युमिन असतं वजनाच्या तीनेक टक्के. गोळीचा हिशोबच वेगळा.

ग्रीन टीचं तसंच. अमेरिकेत मिनेसोटामध्ये पाळी गेलेल्या, स्तन दाट असल्यामुळे धोका जास्त असलेल्या हजारावर स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर रोज ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या स्तनांच्या दाटपणात एकूण फरक पडला नाही. फरक पडला तो यकृतात: अर्क घेणाऱ्यांपैकी साधारण ६.७ टक्क्यांमध्ये यकृताचं एक एन्झाइम वाढलं, दुसऱ्या गटात ०.७ टक्क्यांमध्ये. चहा प्या हो, खुशाल प्या. कॅप्सूलमध्ये कित्येक कपांचा अर्क एकदम पोटात जातो, अडचण तिथे आहे.

सोयाबद्दल मात्र उलटीच भीती दिसते. त्यातली आयसोफ्लेवोन्स आपल्या इस्ट्रोजेनसारखी दिसतात, म्हणून ‘सोया खाल्लं की गाठ वाढेल’ असं सर्रास सांगितलं जातं. शांघायमध्ये हा आजार झालेल्या ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. पण हे निरीक्षण आहे, चाचणी नव्हे. आणि त्या बायका टोफू खात होत्या, सोयादूध पीत होत्या. गोळ्या घेत नव्हत्या.

अन्न आणि गोळी यांत किती अंतर असतं, त्याचं सर्वांत कडू उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगाचं आहे. गाजरं, पालेभाज्या खाणाऱ्यांना तो कमी होतो असं दिसलं. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळीची चाचणी केली. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांमध्ये कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त!

‘वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांना मी पॅक्लिटॅक्सेलची आठवण करून देते. स्तनाच्या कर्करोगाचं हे केमोचं औषध मुळात पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळालं. झाडाचंच आहे, आणि केस गळतात, रक्तपेशी घटतात. म्हणून तर ते मोजून, शिरेतून, रक्त तपासत देतात.

मग हातात काय आहे? पाळी गेल्यावर वजन आटोक्यात ठेवणं, अंगमेहनत, दारू टाळणं. अंगावर पाजण्याचाही फायदा होतो: एकूण बारा महिने पाजलं की धोका साधारण ४.३ टक्क्यांनी घटतो, असं ३० देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. हे आकडे छोटे आहेत. जाहिरात होण्यासारखे नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, प्रतिबंध नव्हे, लवकर निदान. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. मशीन नाही, सुई नाही. आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, तेही सांगायला हवं. गोळ्यांचं खरं नुकसान मला इथे दिसतं. गाठ हाताला लागते, बहुधा दुखत नाही. बाई घरात कोणाला सांगत नाही, कसला तरी अर्क सुरू करते आणि ‘बघू चार-सहा महिने’ म्हणते. त्या सहा महिन्यांत गाठ काखेपर्यंत पोचू शकते.

एक चिठ्ठी राहिली: ‘आई टॅमॉक्सिफेनवर आहे. हळदीचं दूध चालेल का?’ दूध चालेल. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नेदरलँड्समध्ये एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन आणि पिपरिन भरपूर मात्रेत एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारं मुख्य कामाचं द्रव्य साधारण १२ टक्क्यांनी घटलं. ज्यांच्यात ते आधीच कमी असतं, त्यांना ही घट परवडणारी नाही. तेव्हा पुढच्या वेळी आईबरोबर जाल तेव्हा डबीच घेऊन जा, आणि लेबलवर पिपरिन किंवा काळ्या मिऱ्याचा अर्क लिहिलाय का, ते डॉक्टरांना दाखवा.